केसरचा मोसम: फळं फ्रीजरमध्ये ठेवताना चव आणि वास कसा राखायचा?

वृंदा_बडोदे · २४ मे, सकाळी ९:१०

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात केसर आंबा आता भरात आलाय. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला येतो तो माल महाग असतो आणि बऱ्याचदा घाईघाईने पिकवलेला. मे महिन्याच्या शेवटी गीरजवळच्या तालाळ्याकडून येणारा आंबा झाडावर पुरता तयार झालेला असतो आणि भावही उतरलेला असतो. वर्षाचा रस भरायचा तर हेच दिवस. एकदा पाऊस सुरू झाला की फळ पाणचट लागतं आणि अळीही निघायला लागते. म्हणून धागा आत्ताच काढतेय.

बडोद्यात रस भरून ठेवणं गुजराती घरांइतकंच मराठी घरांतही चालतं. गौरीच्या नैवेद्याला, दिवाळीत लेक-जावई आले की, नाहीतर ऐन पौषात कुणाला डोहाळे लागले म्हणून फ्रीजरमधून आंबा निघतो. पण निघालेल्या रसाबद्दल घरोघरी तक्रार एकच असते: रंग आहे, गोडी आहे, वास नाही. वास गेला की केसर काय नि दुसरा कुठला आंबा काय, जिभेला नुसतं गोड कळतं.

माझं ठाम मत आहे की हा वास थंडीने जात नाही. बराचसा फ्रीजरचं दार उघडण्याआधीच गेलेला असतो, मिक्सरमध्ये आणि डब्यात राहिलेल्या हवेत. उरलेला रस वितळवताना जातो. तेवढं सांभाळलं तर फाल्गुनातही आंबा आंब्यासारखा लागतो.

सुरुवात फळापासून. देठाशी नाक नेल्यावर वास आला पाहिजे. नुसता पिवळा रंग बघून पेटी घेऊ नये. कार्बाइडने पिकवलेला आंबा बाहेरून छान पिवळा असतो, आणि कोयीजवळ आंबट, फिका निघतो. कार्बाइडवर आपल्याकडे बंदी आहे, इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे, हे ठाऊक असूनही लारीवाल्याला (हातगाडीवाल्याला) विचारलं तर तो 'घासमध्ये', म्हणजे गवतात, 'पिकवलाय' असंच सांगतो. नाकावर विश्वास ठेवा. आणि सगळी पेटी एका दिवशी पिळायचा हट्ट नको. रोज जे आंबे तयार होतील तेवढेच घ्यायचे. आज कच्चट आहे तो फ्रीजरमध्ये जाऊन पिकत नाही.

देठ खुडून चीक निथळू द्यावा, मग तास-दोन तास पाण्यात आणि शेवटी कोरडा पुसून. रस हातानेच पिळावा. केसरला रेषा फार नसतात, मोठ्या भोकांच्या चाळणीतून दाबून काढला तरी पुरतो. मिक्सर लावायचाच तर दोन झटके, जास्त नाही. फिरत राहिला की रस गरम होतो आणि त्यात हवा घुसते. तो फिका, फेसाळ दिसायला लागतो ना, ती सगळी हवा. ती रसाबरोबर गोठते आणि महिनोन्‌महिने वास खात बसते.

रस भांड्यात झाकून आधी फ्रीजमध्ये गार करायचा. मग जाड झिपच्या पिशवीत अर्धीच पिशवी भरायची, झिप एका कोपऱ्यात बोटभर उघडी ठेवायची आणि पिशवी हळूहळू पाण्याच्या पातेल्यात सोडायची. पाण्याच्या दाबाने हवा त्या कोपऱ्यातून निघून जाते. कोपरा पाण्यात जायच्या आत झिप बंद. आता ताटात आडवी ठेवून बोटाच्या जाडीची सपाट करायची. कडक झाल्या की पिशव्या वह्यांसारख्या उभ्या लावता येतात. मी साखर घालत नाही. दूध, तूप, सुंठ तर नाहीच, ते सगळं वाढताना.

सीताफळ, जांभूळ, चिकू यांचं तुम्ही काय करता ते लिहा. आणि माझ्या पद्धतीत खोट वाटली तर तीही सांगा.


रावपुरा_काकू · २४ मे, दुपारी १:३५

वृंदा, पिशवी पाण्यात सोडायची युक्ती फार आवडली. पण साखरेशिवाय रस भरायचा हे मला पटत नाही गं. आमच्या सासूबाई किलोभर रसाला दोन वाट्या साखर घालायच्या, ती पूर्ण विरघळेपर्यंत हाताने ढवळायच्या आणि मगच डबे भरायच्या. रंग तर टिकायचाच, पण काढल्यावर रस फुटायचा नाही. बिनसाखरेचा रस वितळला की खाली गाळ आणि वर पाणी होतं, हे मी दुसऱ्यांच्या घरी पाहिलंय.

दुसरं असं की कोयी आणि सालं टाकू नका. धुतलेल्या पाण्यात ताक आणि बेसन घालून शेजारणीकडे फजेतो करतात, तो आमच्याही घरात रुजलाय. रस भरायच्या दिवशी रात्रीच्या जेवणाला फजेतो आणि खिचडी.


अनिकेत_शीतगृह · २४ मे, रात्री ९:५०

काकू आणि वृंदाताई, दोघींचंही बरोबर आहे. मी शीतगृहांच्या यंत्रणेचं काम करतो, त्यामुळे थोडं आतलं लिहितो.

फळात मुख्यतः पाणी असतं आणि ते पेशींमध्ये कोंडलेलं असतं. उणे १ ते उणे ५ अंश या टप्प्यात त्यातलं बहुतेक पाणी बर्फ होतं. हा टप्पा फळाने झरझर ओलांडला तर बर्फाचे कण बारीक होतात. रेंगाळलं तर कण मोठे होतात, पेशींच्या भिंती फाटतात आणि वितळल्यावर पाणी सुटतं. काकूंनी पाहिलेला गाळ आणि पाणी ते हेच. दोन किलोचा गोल डबा मधोमध गोठायला रात्र आणि वर अर्धा दिवस घेतो. बोटभर जाडीची पिशवी दोन-तीन तासांत कडक होते. म्हणून सपाट पिशवीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे त्याच तापमानाला बर्फ कमी बनतो आणि हवेचा मारा थोडा मंदावतो. म्हणून जाड डब्यात भरणाऱ्यांना साखरेचा खरंच उपयोग होतो. पातळ पिशवीत, हवा काढून भरला तर साखरेवाचून चालतं. घरात मधुमेह असेल तर हाच मार्ग बरा.

एका वेळी किती भरायचं यालाही मर्यादा आहे. फ्रीजरच्या दर ३० लिटर जागेमागे दिवसाला एक ते दीड किलो ताजा माल. त्याहून जास्त कोंबला तर सगळंच सावकाश गोठतं, शिवाय आधीचा गोठलेला माल नरमतो. साध्या दोन दारांच्या फ्रीजचा वरचा कप्पा ६०-७० लिटरचा असतो, म्हणजे दिवसाला दोन-तीन किलो. 'फास्ट फ्रीझ'चं बटण असेल तर ते माल ठेवायच्या काही तास आधी दाबा.


निनाद_गोत्री · २५ मे, सकाळी ७:४५

माझा फ्रीज एका दाराचा आहे, वर बर्फाचा छोटा कप्पा. त्यात चालेल का? भाड्याच्या घरात डीप फ्रीजर घेणं शक्य नाही.


अनिकेत_शीतगृह · २५ मे, सकाळी ८:२०

निनाद, कप्प्याच्या दारावर तारे छापलेत का बघ. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. उणे ६ ला रस आठवडाभर, उणे १२ ला महिनाभर. सात-आठ महिने ठेवायचा तर उणे १८ हवंच. तारे नसतील तर आईस्क्रीम ठेवून बघ. दुसऱ्या दिवशी चमचा सहज रुतला तर तो कप्पा वर्षाच्या साठवणीचा नाही. अशा फ्रीजमध्ये आठवडाभरात संपेल तेवढाच रस भर आणि मनापासून खा.

थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते वाढायचे थांबतात. आणि फळातली विकरं, ज्यांना एन्झाइम म्हणतो, ती उणे १८ लाही अगदी थांबत नाहीत, फक्त फार हळू चालतात. त्यामुळे खाण्याजोगा रस वर्षभर राहील, पण चवीच्या दृष्टीने आठ ते दहा महिने हीच हद्द धरावी.


मधुरा_न · २५ मे, दुपारी ४:०५

विकरांचा विषय निघालाच आहे तर मीही लिहिते. मी इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीत होम सायन्स केलंय आणि हा विषय जिवाचा आहे.

फळ चिरल्यावर काळं पडतं ते विकर आणि हवेतला प्राणवायू एकत्र आल्यामुळे. सफरचंद, केळं, चिकू, सीताफळ, पेर यांत ते जास्त. भाजी आपण उकळत्या पाण्यातून काढून ही विकरं मारतो. फळांना ते जमत नाही, कारण उष्णतेने ताज्या फळाचा वास जातो आणि शिजल्याची चव येते. डबाबंद आमरस ताज्यापेक्षा वेगळा लागतो त्याचं कारण तापवणं. मग फळांसाठी उरतात तीन उपाय: साखर, आंबटपणा आणि क जीवनसत्त्व.

क जीवनसत्त्व सगळ्यात चांगलं, कारण ते चव बदलत नाही. ॲस्कॉर्बिक ॲसिडची शुद्ध पावडर मिळते. एक लिटर गार पाण्यात पाऊण ते एक ग्रॅम विरघळवून त्यात फोडी दोन-तीन मिनिटं बुडवायच्या आणि निथळून घ्यायच्या. औषधाच्या दुकानातल्या चघळायच्या नारंगी गोळ्या वापरू नका, त्यांचा रंग आणि वास फळाला लागतो. लिंबाचा रस चालतो पण त्याची चव जाणवते, म्हणून जिथे आंबटपणा शोभतो तिथेच.

फोडी गोठवायच्या असतील तर आधी ताटात बटर पेपर घालून सुट्या सुट्या ठेवा. एकमेकींना चिकटू देऊ नका. कडक झाल्या की लगेच पिशवीत, हवा काढून. उघड्या ताटात दोन दिवस राहिल्या तर कोरड्या, पांढुरक्या पडतात. बर्फाची थेट वाफ होऊन उडून जाते, आणि तिच्याबरोबर वासही.

आता अननसाबद्दल. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. गोठवून ते मरत नाही. त्यामुळे फ्रीजरमधला कच्चा अननस श्रीखंडात किंवा दुधात घातला की थोड्या वेळात कडू होतो. अननस साखर घालून पाच-सात मिनिटं शिजवा, गार करा, मग गोठवा. याच एका फळाला मी खुशाल आच देते.


कोकण_ते_अलकापुरी · २५ मे, रात्री १०:१५

सगळं वाचलं, छान चाललंय. पण रस भरायचा तर हापूसचाच. केसरला गोडी आहे, वासात हापूसची खोली नाही. देवगडहून आलेल्या दोन पेट्या आम्ही एप्रिलमध्येच भरून टाकतो.


वृंदा_बडोदे · २६ मे, सकाळी ८:५५

दादा, हापूसचा मान आहेच. पण देवगडहून इथे येईपर्यंत फळाला होणारा प्रवास बघा आणि तालाळ्याहून येणारा केसर बघा. गोठवायला जे फळ झाडावरून उतरून लवकरात लवकर हातात येतं, ते चांगलं. तुम्ही रत्नागिरीत असता तर मीही हापूसच म्हटलं असतं. केसर हे नाव १९३४ मध्ये जुनागढच्या नवाबांनी गराचा रंग पाहून दिलं, आणि गीर केसरला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या दाराशी येणारं इतकं नावाजलेलं फळ सोडून लांबचं का घ्यावं? शिवाय वलसाडचा हापूस जवळचा आहे, तो एकदा भरून बघा.


रावपुरा_काकू · २६ मे, सकाळी ११:२०

आंब्यावरून भांडू नका रे. पायरीचं नाव कुणी घेतलंच नाही! पिळून खायला पायरीसारखा आंबा नाही, पण तो ठेवायचा नाही. पातळ असतो, आंबूस होतो. पायरी त्याच दिवशी संपवायची.


सई_इंदूर · २७ मे, संध्याकाळी ६:३०

मी इंदूरची, रामबागेत माहेर, आता लग्न होऊन बडोद्यात वाघोडिया रोडला. सीताफळाचं मी सांगते, आमच्या माळव्यात मांडू-धारकडून सीताफळाच्या पाट्याच्या पाट्या येतात आणि नवरात्र ते दिवाळी घरात तोच वास असतो.

सीताफळ पूर्ण पिकल्याशिवाय फ्रीजजवळही नेऊ नका. कच्चं फळ थंडीत ठेवलं की साल काळी पडते आणि आतून ते पिकतच नाही. बाहेर टोपलीत ठेवायचं, डोळे फाकले आणि बोटाने दाबल्यावर दबलं की त्याच दिवशी गर काढायचा. सालीलगतचा रवाळ भाग खरवडून घेऊ नका. चमच्याने फक्त पाकळ्या काढायच्या, त्या मोठ्या भोकांच्या चाळणीवर घेऊन हाताने घोळवायच्या, गर खाली पडतो आणि बिया वर राहतात. बियांसकट मिक्सरमध्ये घालू नका. बी फुटली तर गर कडू होतो, आणि ती पोटात जाणं चांगलंही नाही.

सीताफळाला आच चालत नाही. गर तापला की कडवट होतो. म्हणून बासुंदी आटवून पूर्ण गार करायची आणि गर शेवटी मिसळायचा. गोठवताना पाव किलो गराला दोन चमचे साखर आणि लिंबाचे चार थेंब, तेवढ्याने रंग गुलाबी-तपकिरी होत नाही. माझ्या आईने हे इतक्या निगुतीने शिकवलंय की एकेक पाकळी जपली जाते. संक्रांतीला सीताफळाची बासुंदी केली की माझ्या सासरी सगळे विचारतात, आत्ता सीताफळ कुठून आणलं?


मधुरा_न · २७ मे, रात्री ८:१०

सई, फार सुंदर लिहिलंस. कच्च्या फळाला थंडी बाधते हे केळ्यालाही लागू आहे. केळं पिकून सालीवर ठिपके आले की सोलून, काप करून गोठवावं. सालीसकट ठेवलं तर साल काळी होऊन चिकटते आणि सोलता येत नाही.


फालसा · २८ मे, सकाळी १०:००

छोट्या फळांबद्दल लिहितो. फालसे, तुती, जांभळं ही सगळी दोन-तीन आठवड्यांची पाहुणी, म्हणून फ्रीजर खरा यांच्यासाठी. धुवायची ती अगदी गार पाण्यात, पटकन, आणि सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडी करायची. ओली राहिली तर वर बर्फाची साल बसते आणि फळ पाणचट लागतं. तुतीचे देठ गोठल्यावर काढा, आधी काढले तर रस गळतो.

जांभळं दोन प्रकारे. अख्खी ताटात सुटी गोठवून पिशवीत भरली तर शरबताला आणि बर्फाच्या गोळ्यावर घालायला. नाहीतर बिया काढून गर थोडा मीठ-साखर लावून सपाट पिशवीत. वितळल्यावर अख्खं जांभूळ मऊ पडतं, ताज्यासारखं तोंडात फुटत नाही. तशी अपेक्षा ठेवू नये. रायणी (खिरण्या) मात्र गोठवू नका, चीक घट्ट होऊन दाताला चिकटते. त्या वाळवलेल्याच चांगल्या.

डाळिंबाचे दाणे छान राहतात. कमलम म्हणजे ड्रॅगन फ्रूट, त्याच्या फोडीही. कलिंगड आणि खरबुजाच्या नादी लागू नका, पाणी पाणी होतं.


समा_सावली · ३० मे, दुपारी ३:४०

एक काळजीचा प्रश्न. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या भागात वीज बरेच तास नव्हती. वरच्या मजल्यावर असल्यामुळे घरात पाणी शिरलं नाही, पण फ्रीजरमधला सगळा रस मऊ झाला. सासूबाईंनी वर्षभराच्या बेताने भरलेला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाकून द्यायचा की परत गोठवायचा, कुणालाच सुचेना. शेवटी टाकला. यंदा पावसाळ्याआधी काय तयारी करावी?


अनिकेत_शीतगृह · ३० मे, रात्री ९:२५

वाचून वाईट वाटलं. शंका असताना टाकलात ते योग्यच केलंत.

वीज गेल्यावर दार उघडायचं नाही, ही पहिली गोष्ट. गच्च भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर साधारण ४८ तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून पावसाळ्यात रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, त्या थंडी धरतात. बाटली पूर्ण भरू नका, पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं.

गावाला जाणार असाल तर वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर सगळं ठीक. तळाशी गेलं असेल तर मधे वीज जाऊन सगळं वितळलं आणि पुन्हा गोठलं असं समजा, मग तो रस वापरू नका.

वीज आल्यावर पिशवीत अजून बर्फाचे कण जाणवत असतील आणि पिशवी फ्रीजइतकी गार असेल तर रस खराब झालेला नाही. परत गोठवता येतो, पण बर्फाचे कण मोठे होऊन चव उतरते. त्यापेक्षा त्याच दिवशी साखर घालून आटवा, आंब्याची बर्फी किंवा साटं करा. फेस, आंबूस वास किंवा फुगलेली पिशवी दिसली तर चाखूनही बघू नका.


रावपुरा_काकू · ३१ मे, सकाळी १०:३०

आमच्याकडे हिवाळ्यात तुरीचे लीलवे (हिरवे दाणे), पापडी, मटार आणि हिरवा लसूण हे सगळं फ्रीजरमध्ये जातं. उंधियू संपला तरी हिरव्या लसणाच्या पुड्या मार्चपर्यंत असतात. मग मे महिन्यात त्याच कप्प्यात रस. परवा सून म्हणाली, आई, रसाला लसणाचा वास येतोय. साध्या पिशवीतून वास जातो का?


वृंदा_बडोदे · ३१ मे, दुपारी १२:०५

जातो काकू. दुधाची किंवा भाजीची पातळ पिशवी असेल तर नक्कीच. रस भरायच्या आधी कप्पा पूर्ण रिकामा करून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसून घ्या आणि कोरडा करा. लसूण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत टाका, वर बोटभर जागा सोडून. रसाच्या सपाट पिशव्या एका मोठ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात उभ्या लावा. दोन थर झाले की वास पोचत नाही. स्टीलचा डबा लवकर गार होतो, पण झाकण बहुतेकदा सैल असतं, त्यामुळे रस थेट त्यात ओतून ठेवू नये.


निनाद_गोत्री · १ जून, सकाळी ८:००

कप्प्यावर दोन तारे निघाले. म्हणजे महिनाभर. वृंदाताईंच्या पद्धतीने थोडा रस भरतोय. वितळवायचा कसा तेही सांगा, तिथेही वास जातो असं तुम्ही म्हणालात.


वृंदा_बडोदे · १ जून, सकाळी ९:१५

पिशवी बंदच ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सकाळी काढलीस की दुपारच्या जेवणाला तयार. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात वीस मिनिटं. गरम पाणी नको, मायक्रोवेव्ह नको. कडेचा रस शिजतो आणि मधला तसाच राहतो. पिशवी उघडायची ती पानं वाढायला घेतल्यावर.

अगदी बर्फगार रस वाढू नकोस. थंडीने जिभेला गोडीही कमी कळते आणि वासही उमलत नाही. वाटीत काढून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेव. मग चव बघ, आणि साखर लागत असेल तर तेव्हा घाल. रस जरा फुटल्यासारखा दिसला तर चमच्याने सावकाश ढवळ, एकजीव होतो. उरलेला परत फ्रीजरमध्ये टाकू नकोस, म्हणूनच पिशव्या लहान भरायच्या, एका जेवणापुरत्या.


समा_सावली · २ जून, रात्री ९:३०

यंदा आम्ही सपाट पिशव्याच केल्या. सासूबाईंनी एका बैठकीत चाळणीतून रस काढला, मिक्सरला हातही लावू दिला नाही. थोड्या साखरेच्या, थोड्या बिनसाखरेच्या, खूण करून ठेवल्यात. मधल्या जागेत पाण्याच्या बाटल्या आहेत. अनिकेतदादा, तुमचं नाणंही ठेवलंय.

मुलं द्राक्षं गोठवून मागतात, यूट्यूबवर बघितलंय त्यांनी. चालतात का? आणि हिवाळ्यात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे डबे येतात, त्यांचं काय करावं?


मधुरा_न · २ जून, रात्री १०:४५

द्राक्षं छान गोठतात, साखर जास्त असल्यामुळे दगड होत नाहीत. पण पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं गोठलेलं द्राक्ष देऊ नका, घशात अडकू शकतं. उभं चिरून चार तुकडे करून गोठवा.

स्ट्रॉबेरी देठासकट धुवा आणि देठ नंतर काढा, नाहीतर पाणी आत शिरतं. शेकला वापरायची तर ताटात सुटी गोठवा. नुसती खायची किंवा क्रीमबरोबर द्यायची तर जाड काप करा, पाच भाग फळाला एक भाग साखर वजनाने घ्या, हलकेच घोळवा आणि साखर विरघळून स्वतःचा रस सुटेपर्यंत पंधरा मिनिटं थांबा. तो रस फोडींवर आवरण धरतो आणि हवा लागू देत नाही. रंग आणि वास दोन्ही जास्त टिकतात. डब्यात भरताना वर चुरगळलेला बटर पेपर दाबा, म्हणजे फोडी रसाखाली राहतील.

चिकूचं राहिलं होतं. चिकूच्या फोडी वितळल्यावर मऊ होतात, त्या फक्त मिल्कशेकला. बिया काढून, सोलून, पूर्ण पिकलेलाच घ्या. अर्धवट पिकलेल्या चिकूचा तुरटपणा फ्रीजरमध्ये जात नाही.


सई_इंदूर · ३ जून, सकाळी ७:२०

मधुराताई, पेरूचं पण सांगा ना. आमच्याकडे रतलामचा पेरू यायचा, इथेही हिवाळ्यात लाऱ्या भरलेल्या असतात.


मधुरा_न · ३ जून, सकाळी ९:००

पेरूच्या फोडी गोठवून खाण्यात मजा नाही, करकरीतपणा जातो. गर करून ठेव. पूर्ण पिकलेला, वास सुटलेला पेरू मऊसर कुस्करायचा, थोडं पाणी घालून चाळणीतून गाळायचा म्हणजे बिया निघतात. लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि लगेच सपाट पिशवीत. पेरूत क जीवनसत्त्व मुळातच भरपूर, त्यामुळे गराचा रंग सीताफळासारखा पटकन बदलत नाही. उन्हाळ्यात त्याचं शरबत कर, वरून मिरपूड आणि काळं मीठ. गुलाबी गराचा पेरू मिळाला तर तोच घे, रंग सुरेख येतो.